बैलांची परवानगी घोड्यांना लागू होत नाही : नाशिक जिल्ह्यातल्या एका यात्रेचं प्रकरण

हे प्रकरण निफाड आणि येवल्याच्या मधल्या पट्ट्यातल्या एका गावाचं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव, माणसं आणि काही आकडे बदलले आहेत. बैलगाडा शर्यतीची परवानगी कशी काढायची हे आता बऱ्याच यात्रा कमिट्यांना पाठ झालंय. त्याच मैदानावर घोडी पळवायची ठरवली की मात्र वेगळाच कायदा आडवा येतो, आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. या कमिटीला तो यात्रा एकोणीस दिवसांवर आली तेव्हा कळला.

पार्श्वभूमी

साडेचार हजार वस्तीचं गाव. पौषात ग्रामदैवताची तीन दिवसांची यात्रा भरते : पहिल्या दिवशी पालखी, दुसऱ्या दिवशी शर्यती, तिसऱ्या दिवशी कुस्त्या. शर्यती छकड्यांच्या, म्हणजे हलक्या बैलगाड्यांच्या, सपाट रानातल्या.

७ मे २०१४ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या. २०१७ साली राज्याने आपला सुधारणा कायदा केला, पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवानग्या देण्यास मनाई केली. १६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम मुभा दिली आणि १८ मे २०२३ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला.

या मधल्या सात-साडेसात वर्षांत गावाने शर्यतीचा दिवस सोडला नाही. येवल्याचा मंगळवारचा घोडेबाजार जवळ, आसपास घोडी पाळणारी घरं बरीच. बैलांच्या जागी घोडी पळू लागली. कुणी हटकलं नाही. त्यातून एक समज पक्का झाला : बंदी बैलावर आहे, घोडा मोकळा आहे. पुढचा सगळा गोंधळ या समजातून झाला, आणि त्यात गावाचा दोष थोडाच आहे. सात वर्षं एखादी गोष्ट उघड्यावर चालली तर ती कायदेशीरच असणार, असं कोणालाही वाटेल.

बैलांना मुभा मिळाल्यावर कमिटीने तिन्ही प्रकार एकत्र ठेवायचं ठरवलं : छकड्यांची शर्यत, एका बाजूला घोडा आणि दुसऱ्या बाजूला बैल जुंपलेली ‘घोडाबैल’, आणि स्वारासह घोड्यांची शर्यत. बॅनर लागले. फी जमली ती अशी : ८१ बैलजोड्या प्रत्येकी १,१०० रुपयांप्रमाणे ८९,१००, ३४ घोडी प्रत्येकी २,१०० प्रमाणे ७१,४००, १२ घोडाबैल जोड्या प्रत्येकी १,५०० प्रमाणे १८,०००. घोड्यांच्या पहिल्या बक्षिसाला मोटारसायकल जाहीर झाली आणि देणगीदाराने शोरूममध्ये २५,००० रुपये भरलेही.

अडचण

यात्रेच्या ४० दिवस आधी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज गेला. मथळा ‘बैलगाडा शर्यत परवानगीबाबत’, आणि तिसऱ्या परिच्छेदात ‘तसेच घोडाबैल व अश्वशर्यत’. अर्ज प्रांत कार्यालयातून तहसीलदार, पोलीस ठाणे आणि पशुसंवर्धन विभाग अशा अभिप्रायांसाठी फिरला. १९ दिवस उरले असताना तो त्रुटी काढून परत आला. तहसील कार्यालयातल्या अव्वल कारकुनाने कमिटीच्या अध्यक्षांना समजावलं ते एका वाक्यात : “तात्या, बैलांचं काम होऊन जाईल, पण घोड्याला परवानगी द्यायचा अधिकारच आमच्या साहेबांना नाही.”

अध्यक्षांना हे टोलवाटोलवीचं उत्तर वाटलं. ते तसं नव्हतं.

कायदा नेमका काय सांगतो

बैलांची मुभा ज्यातून येते तो कायदा म्हणजे प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध या १९६०च्या केंद्रीय कायद्यात महाराष्ट्राने २०१७मध्ये केलेली सुधारणा. प्राण्यांवरील क्रूरता हा विषय समवर्ती सूचीत असल्याने तिला राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागली. तिच्यातली व्याख्या बारकाईने वाचावी अशी आहे. बैल किंवा वळू यांची शर्यत, गाडीला जुंपून वा न जुंपता, परंपरा जपण्याच्या हेतूने, जिथे ती पूर्वापार होते त्या जिल्ह्यात, त्या दिवशी, जिल्हाधिकाऱ्यांनी आधी मान्य केलेल्या जागी. लोकांच्या तोंडची नावंही त्यात आहेत : बैलगाडा शर्यत, छकडी, शंकरपट. घोड्याचं नाव कुठेही नाही. म्हणजे परवानगी एका प्राण्याला, एका जागेला आणि एका दिवसाला बांधलेली आहे. तिसऱ्या परिच्छेदात ‘तसेच’ लिहून ती दुसऱ्या प्राण्यापर्यंत ताणता येत नाही.

घोड्याचा कायदा वेगळा. मुंबई रेसकोर्स परवाना कायदा, १९१२. आता त्याच्या नावात मुंबईऐवजी महाराष्ट्र आहे. खेळ, करमणूक आणि पैज-जुगार हे राज्य सूचीतले विषय, त्यामुळे हा निव्वळ राज्याचा कायदा. तो म्हणतो, परवाना असलेल्या रेसकोर्सखेरीज कुठेही घोड्यांची शर्यत घेता येणार नाही. आणि घोड्यांची शर्यत म्हणजे काय, तर घोडा, घोडी किंवा खच्ची केलेला घोडा दुसऱ्याशी स्पर्धा करत *किंवा वेळेविरुद्ध* पळतो, कोणत्याही स्वरूपाच्या बक्षिसासाठी किंवा पैजेसाठी, आणि तिथे वीसपेक्षा जास्त माणसं हजर असतात.

कमिटीच्या बैठकीत ही व्याख्या दोनदा मोठ्याने वाचली गेली. पहिल्यांदा वाचल्यावर सगळ्यांनी ‘पैज’ हा शब्द धरला आणि म्हणाले, आमच्याकडे पैज नाही. दुसऱ्यांदा वाचल्यावर ‘कोणत्याही स्वरूपाचं बक्षीस’ हे शब्द लक्षात आले. मोटारसायकल असो की नारळ, बक्षीस ते बक्षीसच. आणि यात्रेला वीस माणसं तर नुसती चहाच्या टपरीवर असतात.

परवाना मागायचा तो राज्य सरकारकडे, आणि मागायचा रेसकोर्सच्या मालकाने, भाडेकरूने किंवा वहिवाटदाराने. जिल्हाधिकाऱ्यांचा त्यात संबंध नाही. कारकुनाचं बोलणं शब्दशः बरोबर होतं. परवान्यात शुल्क, हिशोब, बक्षिसांच्या रकमा, देशी पैदाशीच्या घोड्यांना उत्तेजन अशा अटी घालता येतात. महालक्ष्मी आणि पुणे इथल्या शर्यती या चौकटीत चालतात.

घोडाबैल तर दोन्हीकडून अडकतो. त्यातला घोडा १९१२च्या कायद्याच्या कक्षेत येतो, आणि गाडीला घोडा जुंपला की ती २०१७च्या व्याख्येतली बैलगाडा शर्यत राहत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी हा प्रकार बैलासाठी वाईटच. घोड्याची ढांग लांब आणि वेग जास्त. जू तिरकं होतं, ओढ बैलाच्या मानेवर एका बाजूने येते, आणि मागे पडणाऱ्या बैलाला गाठायला लावण्यासाठी गाडीवान हमखास पराणी, म्हणजे टोचायची काठी, काढतो.

पैजेबद्दलचा गैरसमज

कमिटीतल्या एका तरुण सभासदाचं म्हणणं असं, की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असं सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलंय, मग लोकांनी पैज लावली तरी बिघडत नाही. निकाल खरा आहे : १९९६चा, तमिळनाडूने मद्रास रेस क्लब ताब्यात घेण्यासाठी केलेल्या कायद्याच्या प्रकरणातला. पण त्यामुळे शेताच्या बांधावरची पैज कायदेशीर होत नाही. महाराष्ट्रात १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा घोड्यांवरच्या पैजेला जी सूट देतो, ती तीन अटी एकत्र पाळल्या तरच. पैज शर्यतीच्या दिवशीच लागली पाहिजे. परवानाधारकाने राखून ठेवलेल्या आवारात किंवा सरकारने मान्य केलेल्या जागी लागली पाहिजे. आणि ती तिथे स्वतः हजर असलेला माणूस व परवानाधारक किंवा त्याने परवाना दिलेला बुकी यांच्यातच असली पाहिजे. यातलं एकही पाऊल चुकलं तर तो जुगार. बैलांवरच्या पैजेला ही सूट मुळातच नाही.

पैशाचा उगम इथेच वेगळा होतो, म्हणून थोडं सविस्तर. रेसकोर्सवरची बक्षिसं मुख्यतः पैजेच्या उलाढालीतून उभी राहतात : टोटलायझरमधली (सगळ्या पैजा एकत्र जमा करून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या यंत्रणेतली) कपात, बुकींकडून मिळणारं शुल्क, शिवाय घोडामालकांची प्रवेश फी. राज्य पूर्वी १९२५च्या कायद्याखाली पैजेवर कर घेत असे. १ जुलै २०१७पासून तो जीएसटीत विरला. दर २८ टक्के होता, २२ सप्टेंबर २०२५पासून ४० टक्के आहे, आणि तो क्लबच्या कपातीवर नसून लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. ‘आपणच परवाना काढून नाशकात रेसकोर्स करू’ अशी कल्पना बैठकीत एकदा निघाली. तिचं उत्तर या आकड्यांतच आहे. यात्रेतली शर्यत देणगी आणि प्रवेश फीवर चालते, आणि तिने तशीच चालावी.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सगळ्यात सोपा वाटणारा : बैलांची परवानगी घ्यायची, शर्यती संपल्या की संध्याकाळी घोडी पळवायची. यातला धोका कमिटीला लगेच दिसला नाही. बैलांच्या परवानगीत पूर्ण दिवसाचं चित्रीकरण जिल्हाधिकाऱ्यांना सादर करायचं असतं. म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याचा पुरावा स्वतःच्या सहीने जाणार. शिवाय त्याच मैदानावर, त्याच मंडळाने काही केलं तर बैलांच्या परवानगीवरही बालंट येतं. आणि २०१७च्या सुधारणेत उल्लंघनाला ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरा पर्याय हुशारीचा होता. घोडी एकत्र पळवायचीच नाहीत. एकेक घोडी सोडायची, घड्याळ लावायचं, सगळ्यात कमी वेळ तिला बक्षीस. स्पर्धा समोरासमोर नाही, मग शर्यत कसली? जवळजवळ सगळी कमिटी याच्या बाजूने झुकली होती. एका निवृत्त मंडळ अधिकाऱ्याने व्याख्येतल्या ‘वेळेविरुद्ध’ या शब्दावर बोट ठेवलं आणि विषय संपला. ही पळवाट १९१२ सालीच बुजवलेली आहे. आम्हाला हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण वाटतो, कारण वेळ लावून घोडी पळवण्याचे कार्यक्रम ‘ही शर्यत नव्हे’ अशा समजुतीने आजही ठरतात.

तिसरा, राज्य सरकारकडे परवाना मागायचा. १९ दिवसांत अशक्य, आणि एका दिवसाच्या शर्यतीसाठी कायमच्या धावपट्टीचा परवाना मिळण्यासारखी परिस्थितीही नाही.

चौथा, घोडी पूर्ण रद्द. कायद्याने निर्धोक. पण कोपरगाव, वैजापूर, चांदवडकडून येणारे ३४ घोडामालक दुखावणार, आणि यात्रेतला हा धागा कायमचा तुटणार.

पाचवा पर्याय एका घोडामालकाने सुचवला. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याच्या रेवाळ चालीचं, म्हणजे पाठ न हलवता चालण्याचं, कौतुक होतं, तसं आपण चालीचं आणि निगेचं प्रदर्शन का ठेवू नये? पळ नाही, घड्याळ नाही, पहिला-शेवटचा नाही. पंचांनी गुण द्यायचे. शर्यत हा शब्दच ज्याला लागू होत नाही असा हा कार्यक्रम.

निर्णय आणि कृती

कमिटीने पाचवा पर्याय घेतला आणि दोन दिवसांत तीन गोष्टी केल्या. अर्ज मागे घेऊन फक्त बैलांचा नवा अर्ज दिला. घोडी आणि घोडाबैल यांचे मिळून ८९,४०० रुपये पावतीवर सही घेऊन परत केले. बॅनर उतरवले, ‘अश्वशर्यत’ हा शब्द गावात कुठेही राहू दिला नाही. बॅनर उतरवण्यावरून वाद झाला, कारण छपाईचे पैसे गेले. पण पोलिसांचा अभिप्राय अनुकूल व्हायला तीच कृती कारणी पडली.

*बैलांचा हिशोब.* आदेशातल्या अटी अशा होत्या : ५०,००० रुपयांची हमी, धावपट्टी १,००० मीटरच्या आत, चढ-उतार, चिखल, खडक किंवा रस्ता नको, एका बैलाला दिवसात जास्तीत जास्त तीन फेऱ्या, काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका, शेपूट पिरगाळणं वा चावणं नाही, शेजारून मोटारसायकल नाही, ४८ तासांच्या आतली तपासणी, आणि शर्यतीनंतर १५ दिवसांत चित्रीकरण सादर.

यातली तीन फेऱ्यांची अट वाचायला साधी, पण किती जोड्या घ्यायच्या हे तीच ठरवते. चार पट्टे असतील तर तीन फेऱ्यांत जास्तीत जास्त चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे ६४ जोड्या बसतात. नोंदणी होती ८१. ८१ जोड्यांना २१ गट, मग ६, मग २, मग १, अशा चार फेऱ्या लागतात, आणि अंतिम फेरीतल्या बैलांकडून अट मोडते. म्हणून शेवटच्या १७ नोंदी रद्द करून १८,७०० रुपये परत दिले. पाच पट्टे केले असते तर १२५ जोड्यांपर्यंत जागा होती, पण रानाची रुंदी तेवढी नव्हती.

*तपासणी.* ६४ जोड्या म्हणजे १२८ बैल. कानातला बारा अंकी बिल्ला, ताप, श्वास, डोळे, खूर, मानेवरची जखम आणि वीस पावलं चालवून लंगडेपणा, एवढं बघायला एका बैलाला सहा मिनिटं लागतात. एकूण जवळजवळ तेरा तास. एकच डॉक्टर हे ४८ तासांत करू शकतो, पण मग तो मन लावून करत नाही. कमिटीने तीन डॉक्टर मागितले, दोन मिळाले. सात बैल बाद झाले : चार लंगडत होते, दोघांच्या मानेवर ताजं घट्टं फुटलेलं, एकाला ताप. एका जोडीतले दोन्ही बैल बाद, म्हणून सहा जोड्या गेल्या आणि ५८ उरल्या.

*धावपट्टी.* सोयाबीन काढलेलं काळं रान, लांबी ७०० मीटर आणि पुढे थांबायला १५० मीटर. पहिली चूक इथे झाली : रोटाव्हेटर मारून माती भुसभुशीत केली. अशा मातीत खूर घोट्यापर्यंत जातो आणि पळता बैल नस दुखावून घेतो. मंडळ अधिकाऱ्यांनी पाहणीत ते दाखवून दिल्यावर रोलर फिरवला. शर्यतीच्या दोन दिवस आधी टँकरने हलकं पाणी मारलं. सकाळी पाणी मारू नये. काळी माती लगेच चिकट होते आणि ‘चिखल नको’ ही अट तिथेच मोडते.

*घोड्यांचं प्रदर्शन.* जागा शर्यतीच्या रानापासून वेगळी, गावठाणातलं शाळेमागचं मैदान, दिवस तिसरा. गुणपत्रक १०० गुणांचं : चालीची लय ४०, लगामाला प्रतिसाद २०, खूर आणि नाल १५, अंगकांती व निगा १५, स्वाराची बैठक १०. वेगाला शून्य गुण, हे गुणपत्रकावर छापलं. चाबूक पूर्ण बंद. परवाना असलेल्या शर्यतींतसुद्धा प्रदर्शनीय प्राण्यांच्या, म्हणजे करमणुकीसाठी लोकांपुढे आणलेल्या प्राण्यांच्या, नियमांखाली एका शर्यतीत तीनपेक्षा जास्त वेळा चाबूक वापरता येत नाही. चालीच्या प्रदर्शनात त्याची गरजच नाही.

पशुसंवर्धन विभागाने एक अट घातली : प्रत्येक घोड्याचा ग्लँडर्सचा निर्दोष अहवाल. हा रोग घोड्याकडून माणसाला होतो, त्यावर लस नाही, आणि बाधित जनावर कायद्याने मारावं लागतं. चार तालुक्यांतली घोडी एका मैदानावर आणून एकाच हौदाला पाणी पाजायची असेल तर ही अट जाचक म्हणता येत नाही. पण रक्ताचा नमुना प्रयोगशाळेत जाऊन निकाल यायला दिवस लागतात. आठ जणांचे अहवाल वेळेत आले नाहीत. त्यांना नाही म्हटलं.

शर्यतीचा दिवस

५८ जोड्यांचे १५ गट, उपांत्य ४, अंतिम १. एकूण २० फेऱ्या. एका फेरीला ओळीत आणण्यासकट १२ मिनिटं धरली होती. प्रत्यक्षात १५ लागली, कारण गाडीवान सुरुवातीच्या रेषेवर बैल शांत करण्यात वेळ घेतात आणि त्यांनी तो घ्यावा. घाई केली की पराणी निघते.

सहाव्या गटात एका जोडीने निशाण पडायच्या आधीच झेप घेतली आणि बाकीच्या तिघी तिच्यामागे सुटल्या. थांबवेपर्यंत ३०० मीटर पार झाले होते. फेरी पुन्हा घ्यायची का? घेतली. मग पहिलं पळणं मोजायचं का? कमिटी म्हणाली नाही, डॉक्टर म्हणाले हो. डॉक्टरांचं बरोबर होतं; बैलाचं शरीर निशाण बघत नाही. त्या गटातली विजेती जोडी उपांत्य फेरीत हरली म्हणून प्रश्न मिटला. जिंकली असती तर अंतिम फेरी ही तिची चौथी फेरी ठरली असती आणि तिला बाहेर बसवावं लागलं असतं, तेही आधी कोणालाच न सांगितलेल्या नियमाने.

दुसऱ्या उपांत्य फेरीत दोन छकडे बरोबरीत आले. शेवटच्या रेषेवरचं चित्रीकरण थांबवून थांबवून पाहिलं, तरी जूं एकाच रेषेत. पुन्हा पळवणं शक्य नव्हतं, त्याच अटीमुळे. पट्टे चारच, म्हणून दोघांना पुढे पाठवणंही शक्य नव्हतं. चिठ्ठी टाकली. हरलेल्याला उपविजेत्याइतकी रक्कम देण्याचं तिथल्या तिथे जाहीर केलं. वाद वाढला नाही, पण ही रक्कम अंदाजपत्रकात नव्हती.

पैजेचा प्रश्न दुपारी आला. बांधाच्या पलीकडे वह्या घेऊन दोन टोळकी बसलेली दिसली. पोलिसांनी उठवली. पण त्याआधी तासभर निवेदक ध्वनिक्षेपकावरून “कोणाचा पैसा कोणावर” असं रंगवून बोलत होता. त्याच्या मनात काही नव्हतं, बोलण्याची सवय होती. चित्रीकरणात मात्र ते वाक्य आहे. जागा वापरू देणाऱ्यावरही जुगाराच्या गुन्ह्यात बोट येऊ शकतं, हे लक्षात घेता निवेदकाला आधी कागदावर सूचना द्यायला हव्या होत्या.

निष्पत्ती

एका बैलाचा खूर फाटला. जागेवर उपचार झाले. पराणी वापरल्याबद्दल दोन गाडीवान बाद केले गेले. चित्रीकरणाच्या दोन प्रती अकराव्या दिवशी सादर झाल्या. ५०,०००ची हमी मुदत ठेवीच्या रूपात होती. ती सुमारे दोन महिन्यांनी मोकळी झाली.

घोड्यांच्या प्रदर्शनाला ३४ पैकी २६ घोडी आली, फी न घेता. मोटारसायकल रद्द झाली. देणगीदाराने शोरूमकडून पैसे सोडवून त्याच रकमेत तीन खोगिरं आणि खुराकाची पोती दिली. पहिल्या तासाला प्रेक्षक चुळबुळत होते, ‘पळवा की’ अशा आरोळ्या येत होत्या. मग एका जाणत्या पंचाने प्रत्येक घोडीची चाल ध्वनिक्षेपकावरून उलगडून सांगायला सुरुवात केली : पाय कसे पडतात, पाठ का हलत नाही, स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला का सांडत नाही. त्यानंतर मैदान भरलेलं राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

फी गोळा करण्याआधी अर्ज करायला हवा होता. एकूण १,०८,१०० रुपये परत करावे लागले, आणि त्यापेक्षा जास्त पत गेली. फीच्या पावतीवर ‘परवानगी मिळाल्यास’ एवढे दोन शब्द असते तरी भांडणं निम्मी झाली असती.

फेरी म्हणजे काय, हे आधी लिहून ठेवायला हवं. आमच्या मते पहिल्या ५० मीटरवर दुसरा निशाणवाला उभा करावा. चुकीची सुरुवात तिथेच अडवली तर ती मोजू नये, त्यापुढे गेली तर पूर्ण फेरी धरावी. बरोबरीचा नियमही आधीच जाहीर हवा.

प्रदर्शनाबद्दल एक मुद्दा अर्धवट राहिला. प्रेक्षकांपुढे करमणुकीसाठी प्राणी आणायचे तर प्रदर्शनीय प्राण्यांच्या २००१च्या नियमांखाली त्यांची नोंदणी लागते. कमिटीने पशुसंवर्धन विभागाचं पत्र घेतलं आणि त्यावर भागवलं. पत्र म्हणजे नोंदणी नव्हे. पुढच्या वेळी हा अर्ज भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे वेळेत जायला हवा. ग्लँडर्सच्या नमुन्यांसारखंच हे काम दिवाळीआधी सुरू करावं लागेल.

आणि एक मागणी, जी कमिटीने आमदारांमार्फत राज्याकडे पाठवली आहे आणि आम्हालाही ती रास्त वाटते. बैलांसाठी राज्याने अटी, हमी, तपासणी, दंड अशी पूर्ण चौकट उभी केली. गावच्या घोड्यासाठी मात्र फक्त १९१२ची मनाई आहे, जी मुंबई-पुण्याच्या पैजेच्या शर्यती डोळ्यापुढे ठेवून लिहिली गेली. पैज नाही, चाबूक नाही, मर्यादित अंतर, सक्तीची तपासणी, अशा अटींवर यात्रेतल्या घोड्यांसाठी वेगळी तरतूद करता येईल. तोवर बैलगाडा परवानगीच्या अर्जाच्या नमुन्यावर एक ओळ छापावी : ‘ही परवानगी घोड्यांच्या शर्यतीस किंवा घोडाबैल जोडीस लागू नाही.’ पत्राला पोच मिळाली आहे. कमिटीने पुढच्या पौषासाठी बैलांचा आणि प्रदर्शनाचा असे दोन स्वतंत्र अर्ज तयार ठेवले आहेत.